आबांनी आखलेली सिंगापूरची सहल

आमच्या आबांनी कधी माणसं मोजली नाहीत. घरातले चौघे लग्नाला निघोत की अख्खी भावकी जेजुरीला, गाडीच्या दारात उभं राहून ते एकेकाचं नाव घेत. नाव घेतलं की आतून 'हाय' असा आवाज यायलाच हवा. "मोजायला माणसं म्हंजे काय मेंढरं हाईत?" ते म्हणत. "आकडा जुळतो आन माणूस दुसरंच निघतं." सगळी नावं झाली की मग स्वतः चढत, दाराशेजारी बसत आणि पत्र्यावर दोन थापा मारत. आमच्या घरच्या मोटारीतसुद्धा ही डबल बेल मिळाल्याशिवाय महेश, म्हणजे माझा नवरा, गाडी हलवत नसे.

आबा माझे सासरे. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. बरीच वर्षं वेल्ह्यावरून पासलीला मुक्कामी जाणारी गाडी त्यांच्याकडे होती. निवृत्त होऊन कामथडीला घरी आले, तरी प्रवास काही अंगातून गेला नाही. गावातलं कुणी लांब निघालं की आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायचं. आबा गाडी, भाडं असलं काही विचारत नसत. ते विचारत, "संगट म्हातारं कोण हाय? आन लेकरू कोण हाय?" पुढची सगळी आखणी त्या दोघांवरून. "धडधाकट माणसाचं कसंबी भागतं. प्रवास आखायचा तो सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पायानं."

माझ्या थोरल्या मुलीनं, गार्गीनं, सिंगापूरच्या त्या मोठ्या पाळण्यांच्या बागेचा हट्ट धरला तेव्हा आबा विमानात कधी बसलेही नव्हते. पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "जत्रा ती जत्रा. हितली काय आन तिकडची काय." रोज संध्याकाळी ते गार्गीला मोबाईलवरून तिथली माहिती वाचायला लावत आणि डोळे मिटून ऐकत. आठवडाभरात महेशनं ठरवलेलं सगळं त्यांनी मोडून टाकलं. शाळेच्या सुट्टीत जायचं ठरलं होतं, ते आधी रद्द झालं. "जत्रा नीट बघायची आसंल तर जत्रंच्या दिवशी जाऊ नये." तिथल्या शाळांना सुट्टी कधी असते ते शोधायला लावून त्यांनी ते दिवस टाळले आणि आठवड्याच्या मधला वार धरला. विमानातून उतरल्यावरचा पहिला दिवस मोकळा ठेवला. त्या दिवशी नुसतं जेवायचं आणि झोपायचं. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गोळ्या आणि प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत, कारण मोठ्या बॅगेचा भरवसा नाही.

मग त्यांनी दोन्ही नातींना दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि उंचीची खूण केली. धाकट्या मुक्ताला मोठ्या पाळण्यांत घेणार नाहीत हे उघड होतं. आबांनी ते तिला तिथल्या तिथं सांगितलं. पोर जमिनीवर लोळून रडली. मी म्हटलं, "आबा, आत्तापासून कशाला रडवताय तिला?"

"रडायचं ते हितंच रडून घेऊ दे. तिथं दारावरनं माघारी लावलं तर तिचा आन आपला, साऱ्यांचाच दिस नासंल."

नंतर तिला मांडीवर घेऊन, तिला चालतील असे पाळणे आणि बोटी त्यांनी गार्गीकडून शोधून घेतल्या. निघायची वेळ आली तोवर मुक्ताच शेजारीपाजारी ऐटीत सांगत होती, "मला मोठ्यात घेत नाहीत. मी बोटीत बसणारे."

सर्वांत गंमत बुटांची झाली. आबांनी नसरापुरातून सगळ्यांना नवे बूट घ्यायला लावले आणि रोज संध्याकाळी ते घालून बनेश्वरापर्यंत चालायचं फर्मान काढलं. नवा बूट परमुलखात चावला तर सहल संपली, असं त्यांचं म्हणणं. आमच्या सासूबाई, नऊवारीखाली पांढरेशुभ्र बूट घालून, पदर तोंडाला लावून चालायच्या. "ह्या वयात मला मिरवाया लावलंय," म्हणून रोज चिडायच्या आणि रोज यायच्या. आबांचं सगळंच बरोबर असे असंही नाही. थालीपिठाची भाजणी त्यांनी एवढी घ्यायला लावली की विमानतळावर निम्मी काढून ठेवावी लागली, आणि त्यांनी आणलेला मुक्ताचा रेनकोट तिनं घातला की जमिनीवर लोळत होता.

त्याच दिवसांत एकदा बनेश्वराहून परत आलो, बूट काढले, चहा झाला. आबा उठले आणि म्हणाले, "चला, बूट घाला. उशीर झाला." आम्हाला वाटलं, थट्टा करताहेत. दुसऱ्या एका दिवशी गाडीच्या दारात नावं घेताना त्यांनी मुक्ताचं नाव घेतलंच नाही. ती आतून ओरडली, "आबा, मी राहिले!" सगळे हसलो. आबाही हसले. पण त्या दिवशी पत्र्यावर हात ठेवून ते नुसतेच बसले. थाप मारायला त्यांना बराच वेळ लागला.

सिंगापुरात मोकळा दिवस झोपण्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागेचं दार उघडायच्या आधीच आम्ही तिथं होतो. आबांनी आधी नातींचा फोटो काढायला लावला. "लेकरू चुकलं की आईला त्याच्या कपड्याचा रंगसुद्धा आठवत न्हाई." दोघींच्या मनगटाला महेशचा फोन नंबर लिहिलेली कापडी पट्टी बांधली. आत शिरल्याबरोबर दगडी हत्तीचं एक कारंजं होतं. तिथं सगळ्यांना थांबवून म्हणाले, "कोण चुकलं तर शोधत फिरायचं न्हाई. हितं येऊन उभं ऱ्हायचं."

मग दाराजवळच्या गर्दीतून आम्हाला थेट पार टोकाला नेलं. "माणसं दारातच दाटी करत्यात. आत सरका. आत जागा आसती." खरंच तिथं रांगच नव्हती. गार्गी एकाच पाळण्यात लागोपाठ बसली. आबा खाली टोपी सावरत उभे होते आणि ती वरून किंचाळली की तिच्यापेक्षा जास्त खूश होत होते.

दुपारी जेवून सावलीत बसलो. महेश गार्गीला घेऊन पुन्हा गेला. मी मुक्ताला बाथरूमला नेलं. बाकावर आई आणि आबा. परत आले तेव्हा आई डोळे मिटून बसल्या होत्या आणि शेजारची जागा रिकामी होती.

आधी कुणी घाबरलं नाही. आबा चुकणार कसे? चुकलेच तर हत्तीपाशी असतील. महेश आणि गार्गी आले तसे आम्ही सगळे तिकडे गेलो. कारंज्याभोवती लोक फोटो काढत होते. आबा नव्हते. ती जागा त्यांनीच ठरवली होती आणि ते तिथं नव्हते. महेश धावत सुटला. तिथं कामाला असलेली एक मुलगी वायरलेसवर बोलायला लागली. आई तेवढंच म्हणत होत्या, "पाणीबी घेतलं न्हाई त्यांनी."

शेवटी त्या मुलीनंच आम्हाला बोटींच्या राइडपाशी नेलं. बोटी फिरून जिथं परत येतात, तिथं काठावर आबा उभे होते. उतरणाऱ्या बायाबापड्यांना हात देत होते. "सावकाश. आदी उजवा पाय टाका. घाई न्हाई, गाडी उभी हाय." त्या परदेशी बायका हसून त्यांचा हात धरत होत्या. तिथला कामगार बाजूला अवघडून उभा होता. त्यांना हटकायला त्याचा जीव होत नव्हता.

मी हाक मारली, "आबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार मायेनं पाहिलं, पण अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

"बाई, तुमाला कुठं उतरायचंय?"

महेशनं तोंड फिरवलं. गार्गी पुढे झाली, तिनं आजोबांचं बोट धरलं आणि म्हणाली, "पासलीला."

"मग बसा की. लांब हाय आजून."

"तुम्ही पण बसा," ती म्हणाली. ते तिच्याबरोबर बाकावर बसले. आम्ही सगळे त्यांच्याभोवती बसलो. बराच वेळ कुणीच उठलं नाही.

संध्याकाळी हॉटेलवर ते पुन्हा आमचे आबा होते. खिडकीशी बसले होते. मी चहा दिला तेव्हा हळूच म्हणाले, "आज म्या चुकलो व्हतो का गं?"

"गर्दी फार होती, आबा."

"गर्दीत माझा जलम गेला, पोरी."

चहा संपला. मग त्यांनी डावा हात माझ्यापुढे केला. "पोरींच्या हाताला बांधलीया तसली पट्टी उरलीया का एखादी?"

मी आणली, बांधली. त्यांनी गाठ ओढून पाहिली. "सैल हाय. घट्ट बांध." मी पुन्हा बांधली. गाठ मला नीट दिसत नव्हती. ते म्हणाले, "उद्या बागेत जायाचं न्हाई, असं कुणी म्हणू नका. पोरींनी लई वाट बघितलीया. नावं मात्र उद्यापासनं तू घे."

दुसऱ्या दिवशी बसच्या दारात मी नावं घेतली. सगळ्यांत शेवटी आबांचं घेतलं. आतून 'हाय' आलं.

त्या दिवशी आई, ज्या एकाही पाळण्याच्या जवळ गेल्या नव्हत्या, अचानक म्हणाल्या, "ह्यांना घिऊन म्या बसते त्या बोटीत." आम्ही काठावर थांबलो. दोघं बोटीत बसून डोंगराच्या बोगद्यात शिरली आणि फिरून परत आली. आबा थकलेले दिसत होते. उतरायला दोघांना जरा वेळच लागला.

परत आल्यावर पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. त्यानंतर आबा थोडे थोडे जात राहिले. आधी नसरापूरची वाट गेली, मग महेशचं नाव, मग घास कसा गिळायचा तेही. गेल्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि एका सकाळी ते गेले. मातीला पासलीकडची बरीच माणसं आली होती. त्यांतल्या कितीतरी जणांना आम्ही ओळखतही नव्हतो.

परवा दुपारी मुली शाळेत होत्या. आई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या, मी शेजारी लसूण सोलत होते. मध्येच त्यांचा हात थांबला.

"वैशाली, त्या बोटीतलं म्या कुणाला बोलले न्हाई."

"काय झालं होतं, आई?"

"बोट आंधारात शिरली तवा हे माझ्याकडं बघाया लागले. म्हणाले, 'बाई, तुमी कुणाच्या?'"

मी लसूण खाली ठेवला. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्या म्हणलं, 'तुमचीच.'" आईंनी सूप बाजूला सारलं. "मग माझा हात धरला त्यांनी. बोट थांबली, तो माणूस उतरा उतरा म्हणतोय, तरी सोडंनात. लगीन झाल्यापासनं चारचौघांत पयल्यांदा."

आईंनी सूप पुन्हा पुढे ओढलं. कितीतरी वेळ त्या तांदळावरून नुसता हात फिरवत राहिल्या. खडा एकही वेचला नाही.