खिळ्यावरचं शेत

गांधीबागेतल्या साड्यांच्या दुकानात हयात घालवलेल्या नानाजी परात्यांचा एकच धर्म होता. माल दाखवावा तो दुपारच्या लख्ख उन्हात, आणि त्यावर एक सुरकुती नसावी. निवृत्तीनंतर पोराचा जुना कॅमेरा हाती आला, पण धर्म काही बदलला नाही.

हुडकेश्वरच्या नव्या फ्लॅटमध्ये त्यांच्या पत्नी भारतीबाईंनी सोफ्याच्या वर खिळा ठोकून ठेवला होता. उमरेडकडच्या त्यांच्या माहेरच्या शेतात भाऊ आता प्लॉट पाडणार होता. ते थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. निदान शेताचा फोटो तरी भिंतीवर हवा, एवढंच त्यांचं मागणं. नानाजींनी भर दुपारी जाऊन दोनदा फोटो काढून आणले.

"हे शेत होय? धुतलेली चादर दिसून राह्यली," बाई म्हणाल्या.

"अवं, रंग तं पाह्य!"

"रंग काय चाटाचा हाय? त्या ढेकळायवर अनवाणी पळून पाय सोलले माहे. कुठी हायेत ते ढेकळं?"

नानाजी तिसऱ्यांदा गेले. माल चुरगळलेला, म्हणूनच फोटो फसतो, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांनी मेहुण्याला वखर फिरवून रान सारखं करायला सांगितलं.

"भाऊजी, फोटोसाठी वखर? उद्या म्हणान, इस्त्री फिरव!"

मग नानाजी स्वतःच काठीने ढेकळं फोडत सुटले. ऊन उतरेपर्यंत हातभर जागा सपाट झाली आणि कंबर मोडली. ते तिथेच आडवे झाले. आणि आडवं झाल्यावर त्यांना शेत दिसलं. तिरप्या उन्हात एकेका ढेकळाला सावली फुटली होती. नाकाजवळची ढेकळं डोंगराएवढी, आणि पुढे नांगराची तासं बारीक होत पार बांधावरच्या आंब्यापर्यंत गेलेली. त्यांचे वडील मागावरचं कापड असंच उजेडाशी तिरपं धरून पोत बघायचे. दुकानदारीत हे आपण विसरलोच, याची नानाजींना मनापासून लाज वाटली. त्यांनी पडल्यापडल्याच फोटो काढला.

फोटो खिळ्यावर चढला. बाई बघतच राहिल्या. नानाजींचा जीव टांगणीला.

"काहून वं? हाही वापस?"

बाईंनी एक पाय उचलून तळव्यावरून हात फिरवला.

"टोचून राह्यलं ना जी," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत चपला शोधायला लागल्या.