बाईंनी न दिलेलं मत

चित्रापुढे उभ्या राहिल्या की बाई चष्मा काढायच्या आणि नाक टेकेल इतक्या जवळ जायच्या. कुणी "चला" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "बघून झालं नाही अजून."

संगमनेरच्या आमच्या कॉलेजात त्या कलेचा इतिहास शिकवायच्या, मी भूगोल. त्यांचा अभ्यास मात्र रशियातल्या क्रांतीच्या काळातल्या चित्रकारांचा. माणसं, झाडं सोडून नुसते त्रिकोण, चौकोन रंगवणारी ती मंडळी. त्यांच्यासाठी बाई घरबसल्या रशियन शिकल्या. एकदा माझ्यासमोरच त्यांच्या आईंनी पुस्तकात डोकावून विचारलं, "ह्ये तर रांगोळीवानी हाय. याचा कसला आभ्यास?"

"आई, असलं काढलं म्हणून लोकांच्या नोकऱ्या गेल्या तिकडं."

आईंनी पुस्तक परत त्यांच्यापुढे सरकवलं. "मंग लिव्ह बाई," म्हणाल्या.

बाई एका विस्मृतीत गेलेल्या चित्रकर्तीवर पुस्तक लिहीत होत्या. सगळं छापील चित्रांवरून. रशिया त्यांनी पाहिला नव्हता. अशात पुण्याच्या एका संग्राहकाने बोलावलं. त्याच्याकडे तिचं एक चित्र होतं. बाईंनी ते अस्सल असल्याचं लिहून द्यावं, त्या बदल्यात तो त्यांना मॉस्कोला नेणार होता. मी सोबत गेले.

बाईंनी अख्खी दुपार ते चित्र पाहिलं. पाठ पाहिली, कडा पाहिल्या. मग चष्मा लावला. "हे तिचं नाही. जुनं दिसावं म्हणून तडे वरून रंगवलेत."

"मॅडम, शक्यता आहे, एवढंच लिहा."

"शक्यता नाही. म्हणून लिहिणार नाही."

परतताना चंदनापुरीच्या घाटात त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "जायचं होतं गं मला. पण तिचं नाव आधीच पुसलंय लोकांनी. त्यावर आता मीच खोटं चित्र चिकटवू?"

दुसऱ्या कुणीतरी ते मत लिहून दिलं. संग्राहकाचं त्या वर्तुळात वजन होतं; बाईंना चर्चासत्रांची बोलावणी बंद झाली. त्या लिहीत राहिल्या. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हिमतीवर मॉस्कोला गेल्या. तिथून फोन आला, "अगं, तिची मूळ चित्रं पाहिली. छापील चित्रांत लाल दिसतो तो रंग लाल नाहीच. नारिंगी आहे. दोन प्रकरणं परत लिहावी लागणार." आवाजात नुसता आनंद.

ती प्रकरणं त्यांनी लिहिली, आजारपणात, उशीला टेकून. पुस्तक छापून आलं तेव्हा त्या नव्हत्या.

घर आवरायला मी गेले होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर नारिंगी रंगाचे पट्टे होते, एकाखाली एक, प्रत्येक थोडा वेगळा. सगळ्यात खालच्या पट्ट्यापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केलेली होती.