आम्ही कोणाच्या हद्दीत? : गोदावरीतल्या बेटावर चार दिवस

माझ्या या ब्लॉगवर तरुण मंडळी सारखी विचारतात, 'आजोबा, जिथे अजून कुणी गेलेलं नाही असं एखादं ठिकाण सांगा ना.' घ्या, सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, तिथे तुम्हाला जाता येणार नाही. ते बेट आता जायकवाडीच्या पाण्याखाली आहे. मी गेलो होतो सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात. लढाई संपली होती, रेशन मात्र संपलं नव्हतं.

जायचं ठरवलं ते मी नव्हे, आमच्या मंडळींनी. नगरला दोन खोल्यांत आमचा संसार. मी शाळामास्तर. एक दिवस ताईचं कार्ड आलं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, गोदावरीच्या बेटावर दिलेली. तिचे यजमान तिथल्या महादेवाचे पुजारी. लिहिलं होतं, 'वसंता, थोरली आठ वर्षांची झाली, अजून तिला ग म भ न येत नाही. बेटावर शाळा निघाली नाही तर मी दोन्ही मुलींना घेऊन तुझ्याकडे येते. कायमची.'

कार्ड मी मोठ्याने वाचून दाखवलं. मग सौ. म्हणाली, "वन्सं आल्या तर आनंदच आहे. फक्त मी झोपायचं कुठे, तेवढं सांगा. मोरीत?" दुसऱ्या दिवशी माझी वळकटी बांधून तयार होती. ताईची समजूत घालून यायचं, एवढीच कामगिरी.

नगरहून औरंगाबाद रस्त्याला सर्व्हिस मोटार निघे. पेट्रोल मिळत नसे म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चाले. पाठीमागे भलामोठा बंब, आणि तो धुमसवायला एक क्लीनर. सूचना : मागच्या बाकावर बसू नये. मी बसलो. घोडेगावला उतरलो तेव्हा चहावाला म्हणाला, "पावनं, त्वांड धुऊन घ्या आदी, मंग चा." चहा गुळाचा होता, साखर औषधालासुद्धा नव्हती. भजी मात्र अशी की मी दोनदा घेतली आणि घरी एकदाच सांगितली.

पुढे टोक्याला उतरून बैलगाडीने नदीकाठाने दोन कोस. तिथे बेटाचा म्होरक्या काशीबा भोई मला न्यायला उभा होता. नाव कुठे दिसेना. वाळूत गूळ करायची एक मोठी काहील पडली होती, लोखंडी, चांगली दोन माणसं बसतील एवढी.

"बसा मास्तर," काशीबा म्हणाला.

"यात?"

"मंग? व्हडी फुटली. फळ्या मिळत न्हाईत. आन् ही कवाच बुडत न्हाई, फकस्त फिरती."

फिरती म्हणजे काय, तर नदी ओलांडेपर्यंत मी नगर जिल्हा नऊ वेळा पाहिला आणि निजामाचं राज्यही नऊ वेळा पाहिलं. दक्षिण काठ इंग्रजांचा, उत्तर काठ मोगलाई, आणि मधोमध हे चोवीस घरांचं बेट. काहिलीची कड घट्ट धरून मी विचारलं, "मग बेट कोणाचं हो?"

काशीबा एवढा खूश झाला की वल्हं मारायचं विसरला. "त्येच तर! कुनाचंच न्हाई!"

ही बेटाची पिढीजात युक्ती. नगरकडचा माणूस शेतसारा मागायला आला की सगळे हात जोडून म्हणत, आम्ही मोगलाईतले. मोगलाईतला आला की म्हणत, आम्ही इंग्रजी हद्दीतले. तोंडी कुणाचं भागलं नाही तर लेखी जबानी देत. आणि या सगळ्या जबान्या ज्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेल्या होत्या, ते आमचे भावोजी! रात्रंदिवस शंकराची पूजा करणारा हा भोळा गृहस्थ दोन सरकारांना वीस वर्षं बनवत होता.

पण रेशन आलं आणि युक्ती अंगाशी आली. कार्ड हवं तर गाव कुठल्यातरी दप्तरात हवं. गावच नाही, तर रॉकेल नाही, कापड नाही, शाळा तर नाहीच. काशीबाची बायको सखू ताईला सांगत होती ते मी ओसरीवरून ऐकलं : "आमा दोगी जावांत येकच धड लुगडं हाय, बाई. तिनं न्हेसलं की म्या घरात." आणि हे ती हसून सांगत होती.

ताईची समजूत काढायला मी तोंड उघडलं तर ती म्हणाली, "भाकरी खा. तुला बायकोनं पाठवलंय ते कळलंय मला." मग पदराने हात पुसत म्हणाली, "वसंता, मी सातवी पास झालेय. तुझ्याआधी. इथे शाळा निघाली तर मीच शिकवीन. मला नगरला यायची हौस नाही रे. पण पोरी अडाणी राहिल्या तर मी स्वतःला माफ करणार नाही."

मी भाकरी खाल्ली. पातळ, पापुद्र्याची, वर वांग्याचं भरीत. (बेटावर जेवायचं असेल तर भरीत सोडू नका, असं लिहिणार होतो. सवय जात नाही.)

भावोजींनी अर्ज केला होता, हे मला कळलं. पण एक नव्हे, दोन. "दोन्हीकडे टाकला," ते भोळेपणाने म्हणाले, "जो आधी मंजूर करील त्याचे आपण." झालं असं की दोघांनीही चौकशीला माणूस धाडला, आणि दोघेही तिसऱ्या दिवशी एकाच वेळी दोन काठांवर उभे राहिले. काहील एकच! काशीबाने आधी नगरचे सर्कल इन्स्पेक्टर आणले, मग मोगलाईचे गिरदावर, म्हणजे तिकडचे सर्कलच. दोघेही उतरल्यावर बराच वेळ महादेवाच्या खांबाला धरून उभे होते.

मग सर्कलसाहेबांनी दप्तर सोडलं. "ही तुमचीच जबानी ना? आम्ही मोगलाईतले?"

गिरदावर चमकले. त्यांनीही दप्तर सोडलं. "अजी, हमारे पास तो... आम्ही इंग्रजी हद्दीतले!"

दोघांनी कागद शेजारी शेजारी धरले. अक्षर तेच. दोघांनी सावकाश भावोजींकडे पाहिलं. भावोजी घाईघाईने गाभाऱ्यात गेले आणि घंटा वाजवू लागले.

आणि मग जे भांडण जुंपलं ते जगात कुठे झालं नसेल. राज्यं जमिनीसाठी लढतात. हे दोघे जमीन नको म्हणून लढत होते. "हे गाव आपलंच, जनाब." "छे छे, गिरदावरसाहेब, आम्ही आपला हक्क कसा घेणार?" कुणालाच कागद वाढवायचे नव्हते. शेवटी सर्कलसाहेब म्हणाले, "हद्द नदीच्या मोठ्या धारेवर. मोठी धार बेटाच्या दक्षिणेला आहे. म्हणजे बेट तुमच्या बाजूला. संपलं!"

गिरदावर हुशार माणूस. ते उत्तरेकडे चालत गेले आणि हसत परत आले. "साहेब, उत्तरेची धार वाळूचा बांध घालून अडवलीय. हाताने वळवलेलं पाणी हिशेबात नाही. बांध काढा. चार वाजता बघू, पाणी कुठे जातं ते."

पण तो बांध दर साल घालत ते टरबुजांसाठी. उत्तरेच्या कोरड्या पात्रातल्या वाळूत सगळ्या बेटाची टरबुजं होती, ऐन पिकावर आलेली. बेटाचं उन्हाळ्याचं पोट तेच. बांध राहिला तर दोन्ही साहेब हात झटकून जाणार; बांध फुटला तर गाव दप्तरात जाणार आणि टरबुजं नदीत.

"न्हाई जमायचं," काशीबा खाली बसला. "शाळा काय खायाची हाय का?"

ताईचाही वाफा तिथेच होता. ती फक्त सखूकडे बघत राहिली. सखू उठली. "आन् लुगडं? ते काय टरबुजाच्या सालीचं शिवून न्हेसू? व्हय बाजूला!" तिने फावडं उचललं. तिच्या मागून तिची जाऊ निघाली, मग एकेक करून सगळ्या घरच्या बायका. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं आणि निमूट टरबुजं तोडायला पळाले. मीही पळालो. जेवढी पिकली होती तेवढी तोडून वाळूवर रास घातली, कमरेचा काटा ढिला झाला.

पण बायकांचा जोर आमच्या अंदाजापेक्षा जास्त. रास वर उचलायच्या आत पाणी आलं. अहो, काय ते आलं! डोळ्यांदेखत आमची रास हलली, तरंगली आणि निघाली.

देवळाच्या पायरीवर दोन्ही साहेब पुरणपोळी खात बसले होते. त्यांच्यासमोरून एक टरबूज गेलं. मग दोन. मग सगळी पंगतच, हिरवीगार, डुलत डुलत उत्तरेच्या धारेने. गिरदावरांचा घास हातात राहिला. ते पुटपुटले, "धार तो बडी है, साहब."

सर्कलसाहेबांनी शेवटचं टरबूज दिसेनासं होईपर्यंत वाट पाहिली. मग हात धुतले आणि लिहिलं : बेट नगर जिल्ह्यात. गिरदावरांनी त्यांना अशी मिठी मारली की जणू मुलगी चांगल्या घरी पडली. जाताना म्हणाले, "एखादं टरबूज मिळालं असतं तर..." काशीबाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बिचारे काहिलीत मुकाट बसले.

ताई काठावर उभी होती. हात वाळूने भरलेले. मी म्हटलं, "झालं ना तुझ्या मनासारखं?" तर ती ढसढसा रडायला लागली. "अरे, लोकांची टरबुजं रे!" मी तिला रडू दिलं. दुसरं काय करणार होतो?

परतीच्या मोटारीत सर्कलसाहेब माझ्या शेजारीच. इमामपूरचा घाट चढताना बंबाने दम सोडला आणि सगळ्यांना उतरून ढकलावं लागलं. साहेबांनी कोट काढून माझ्यासोबत खांदा लावला. धापा टाकत म्हणाले, "मास्तर, तुमची बहीण सातवी पास आहे म्हणालात ना? सर्टिफिकेट आहे?" मी म्हटलं, "आमच्याच ट्रंकेत आहे." "मग धाडा माझ्याकडे. शाळेच्या कागदाला जोडून देतो. ती टरबुजं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत हो."

घरी पोचलो तर सौ. दारातच. "येणार का वन्सं?"

"नाही."

तिने सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्यासाठी ठेवणीतली साखर घालून चहा केला. मलाही हायसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? आज शहाऐंशीव्या वर्षी ते लिहिताना लाज वाटते. दोन खोल्या होत्या, त्यात ती मावली असती. तो उन्हाळा बेटाने फार ओढून काढला, हे ताईने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. कुणी तिला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

पावसाळ्यानंतर तिचं कार्ड आलं. शाळा भरली होती, देवळाच्या ओसरीवर. सतरा पोरं, आणि अठरावी सखू, नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. मी ते वाचता वाचता सौ.ला म्हटलं, "आता ताईला चार दिवस बोलावू या." ती लगेच हो म्हणाली.

ताईचं उत्तर आठवड्यात आलं. एवढंच लिहिलं होतं : 'मला सवड नाही. तूच ये. पण रविवार बघून ये, बाकीचे दिवस मला शाळा असते.'