आता कशाला, जायचंच आहे

इमारतीत त्याला सगळे ‘निघालो’ म्हणत. अकरा वर्षांपूर्वी, लग्नाच्या पंगतीतच, त्याने पाहुण्यांना सांगून टाकलं होतं, “आम्ही दोघं लवकरच परदेशी निघालो.” त्या पाहुण्यांपैकी तिघे तेव्हापासून देवाघरी पोचले. हा आपला जिथल्या तिथे.

तो पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवायची. त्यांचं घर पाहून कुणालाही वाटावं, ही माणसं कालच राहायला आलीत. खिडक्यांना पडद्यांऐवजी वर्तमानपत्रं चिकटवलेली. फ्रिजचं दार नाडीने बांधलेलं. गादीला मधोमध खड्डा. काही घ्यायचं म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, “आता कशाला? जायचंच आहे.” मुलाचा विषयही त्याने दोनदा याच वाक्यावर मिटवला होता.

तिकडची बित्तंबातमी त्याला असे. कुठे बर्फ किती, कुठे घरभाडं किती. अर्ज मात्र अकरा वर्षांत दोन केले. दोन्ही परत आले. “तिथेही वशिलाच लागतो,” असं म्हणून त्याने हात झटकले.

शेवटी तिनेच अर्ज केला, त्याला सांगून. तो हसला. “कर, कर. तेवढाच विरंगुळा.”

तिकडच्या लॅबने तिला कॅमेऱ्यासमोर मेणाची दाढ कोरायला सांगितली. वेळ चाळीस मिनिटं. तिने तिसाव्या मिनिटाला दाढ टेबलावर ठेवली आणि उरलेली दहा मिनिटं हाताची घडी घालून बसली. आठवड्याने पत्र आलं. नोकरी तीन वर्षांची. नवऱ्याला आश्रित म्हणून सोबत नेता येईल. एकटी येणार की जोडीने, ते शुक्रवारपर्यंत कळवावं.

त्याने उभ्यानेच पत्र तीनदा वाचलं.

“आश्रित?”

“कागदापुरतं हो. तिथे गेल्यावर तुम्हीही काम शोधालच की.”

“म्हणजे मी तुझ्या मागे पिशव्या धरून फिरायचं?”

“मी अकरा वर्षं तेच करतेय. हात नाही झडले माझे.”

त्या दिवसापासून त्याला आईचे गुडघे आठवू लागले. आई राहायची त्याच्या थोरल्या भावाकडे. हा वर्षभरात तिकडे फिरकला नव्हता. तिने सासूबाईंना फोन लावला.

“माझे गुडघे?” सासूबाई म्हणाल्या. “अगं, तीन मजले चढून आत्ताच आले मी. त्याला म्हणावं, आधी स्वतःचे बघ.”

मग त्याला थंडी बाधेल असं निघालं. मग कारखाना त्याच्यावाचून अडेल असं निघालं. “शेवटी आपली माणसं ती आपलीच,” हेही म्हणून झालं. शेजारपाजाऱ्यांशी कधी धड न बोललेला माणूस हा!

तरी तिने पत्रासोबतच्या फॉर्ममधला ‘एकटी की जोडीने’ हा रकाना गुरुवारपर्यंत कोरा ठेवला. तिला नवरा सोबत हवा होता. प्रेमाने म्हणावं, तर तेवढं काही उरलं नव्हतं. पण अकरा वर्षं खड्ड्यात झोपून काढली, ती फुकट गेली असं तिला मानवत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा तो स्टुलावर चढून खिडकीची वर्तमानपत्रं ओरबाडत होता. गादीवर नवे पडदे पडले होते. जाड, तपकिरी, अस्तर लावलेले.

“किती दिवस असं धर्मशाळेसारखं राहायचं?” तो वरूनच म्हणाला. “आणि रविवारी नवा फ्रिज येतोय.”

“माप घेतलं होतं?”

“अंदाजाने आणले.”

त्याने एक पडदा खिडकीला लावून पाहिला, तो वीतभर आखूड निघाला. कारखान्यात मिलिमीटरवरून भांडणारा माणूस घरात अंदाजाने चालला होता. तिने पर्स खाली ठेवली, फॉर्म काढला आणि रकान्यात लिहिलं, ‘एकटी.’

त्याने मान वळवून पाहिलं. “अगं, मला विचारलंही नाहीस!”

“विचारलं होतं. त्याचं उत्तर तुम्ही खिडकीला टांगताय.”

ती गेली त्या दिवशी तो टॅक्सीपर्यंत सामान घेऊन आला. खालच्या मजल्यावरच्या मावशी दारातच उभ्या होत्या.

“मीच पाठवतोय तिला,” तो म्हणाला. “एकाने आधी जाऊन बघायला हवं ना. मागोमाग मी निघालोच.”

मावशींनी मान डोलावली. “आणि त्या नव्या फ्रिजला गॅरंटी किती वर्षांची?”

“दहा वर्षांची!” तो छाती फुगवून म्हणाला.