आडवा आलेला रोही

तो रोही मी कधी पाहिलाच नाही. तरी त्याचा एक कान टोकाशी फाटलेला होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे हरभऱ्यात शिरते, रस्त्यात उभी राहते आणि माणूस तिला दोष देऊन मोकळा होतो. मी किन्हीराजा ते केनवड काळीपिवळी चालवायचो. गाडी माझीच. सीटा भरल्या की निघायचं, वाटेत माणसं उतरवत-चढवत जायचं. त्या संध्याकाळी केनवडला शेवटची सवारी उतरवून रिकामाच परतत होतो. ऊन हळदीसारखं पसरलं होतं, मला गाणं सुचत होतं. एवढ्यात शेतातल्या पांदणीतून एक ट्रॅक्टर डावं-उजवं न बघता रस्त्यावर चढला. पुढचं काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा दवाखाना होता आणि सगळं मिटलंही होतं. ट्रॅक्टर माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांचा, चालवतही तेच होते. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. लेकीच्या सासरच्या माणसाला ठाण्यात उभं करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" तर माझे काका पटकन बोलले, "रोही आडवा आला साहेब." मामाजी शेजारीच मान खाली घालून उभे होते. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मग व्हरांड्यात सगळ्यांनी चहा घेतला.

मलाही ते बरोबरच वाटलं. बहीण सुखात होती, तिच्या ताटात माती कालवायची मला हौस नव्हती.

मांडीत सळई घालून मला घरी आणलं. आमचा भाजीचा मळा घरामागेच आहे. वांग्याच्या वाफ्याशेजारी, कडुनिंबाखाली माझी खाट टाकली. गोळ्यांची गुंगी, पाटाच्या पाण्याचा आवाज, कोथिंबिरीचा वास, आणि दुपारी तो यायचा. वाफ्यापलीकडे उभा राहायचा, निळसर करडा, कान फाटका. मी त्याला म्हणायचो, "बाबा, तू काही केलं नाहीस, जा." तो जायचा नाही. हळूहळू मलाच वाटू लागलं की त्या संध्याकाळी खरोखर तोच आडवा आला होता. सगळं गाव सांगतंय, तर मी कोण लागून गेलो?

पण हाडाला गावाचं म्हणणं पटलं नाही. ते जुळेना. डॉक्टर म्हणाले, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर हा पाय ब्रेकवर जोर धरणार नाही. ब्रेक नाही तर गाडी नाही. दारात उभ्या काळीपिवळीच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली होती. आई म्हणायची, चला, तेवढी तरी सवारी आहे.

बहीण माहेरी आली होती. ऑपरेशनचे पैसे विम्यातून निघतात का ते विचारायला तिनेच धरून मला वाशीमला वकीलबाईंकडे नेलं. माझ्या गाडीच्या विम्यात मालकालाही संरक्षण होतं, पण जीव गेला किंवा हात नाहीतर पाय कायमचा गेला तर. माझं दोन्हींतलं काहीच धड झालं नव्हतं.

"धडक देल्ली कोनं?" वकीलबाईंनी विचारलं.

"रोह्यानं," मी म्हणालो.

"मंग रोह्याचा विमा कोनी काढला काय?"

मी कुबड्या सारख्या करू लागलो. बहीण मात्र बोलली. सगळं बोलली.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "काहून लपवून राह्यले तुमी? दाव्यात मामाजीचं नाव राह्यते, पन भरते त्या ट्रॅक्टरची विमा कंपनी. मामाजीचं वावर विकावं लागत नाई. पन पोलिसात गुन्हा मात्र त्याइच्या नावावर चढते. अन् उशीर झाला, दवाखान्याच्या कागदावर रोही हाय, कंपनी भांडंल. जमंलच असं मी म्हनत नाई."

म्हणजे आम्ही ज्या घराला वाचवत होतो, त्याच्या तिजोरीला कोणी हातही लावणार नव्हतं. आमच्या शहाणपणाचं मला हसू आलं आणि लगेच रागही आला. पण गुन्हा? म्हाताऱ्या माणसाच्या नावावर? परतताना बहीण माझ्या कुबड्या मांडीवर घेऊन बाहेर बघत होती.

"सासरी काही बोलू नको," मी म्हणालो. "तुले तिथंच नांदायचं हाय."

"तुले गाडी चालवायची नाई काय, दादा?" एवढंच ती म्हणाली.

ती सासरी गेल्यावर एका दुपारी रोही नेहमीपेक्षा जवळ आला. अगदी खाटेपाशी. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग लक्षात आलं, तो श्वास माणसाचा आहे. डोळे उघडले तर मामाजी, पांढरी टोपी, हातात मेथीची जुडी.

"सूनबाईनं सांगतलं. ऊठ बापू, ठान्यात जाऊ."

"मामाजी, कायले? गुन्हा चढंल तुमच्यावर."

"चढू दे. पाय तुहा मोडला अन् मी चहा पेलो. तो चहा अजून उतरला नाई."

मी नाही म्हणत राहिलो आणि ते माझ्या पायात चप्पल घालत राहिले. बहिणीच्या सासऱ्यांनी माझ्या पायाला हात लावावा! मी लाजेनं अर्धा झालो.

ठाण्यातल्या हवालदारांनी दवाखान्याचा कागद वाचला, पुन्हा वाचला. "यात तर रोही आडवा आला म्हनून लिवलं हाय."

मामाजींनी टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच उघडं पाहत होतो.

"हाच तो रोही, साहेब," ते म्हणाले. "लिवा."

मला रडू आवरेना. दावा अजून चालू आहे, कंपनी भांडतेच आहे. मी दुपारी त्याच खाटेवर निजतो. वाफ्यापलीकडे आता कुणी उभं नसतं.