आभाळातल्याच्या कमरेची ओटी

आभाळातले लोक आमच्या भागात उतरू लागले तेव्हा पाकिटातलं बीटी बियाणं गावात रुळलं होतं. ते का उतरतात, हे कोणालाच कळत नव्हतं. ताडाएवढी उंची, अंगाला दुधी उजेड, सावली नाही, बोलणं नाही. नांदुऱ्याच्या मालधक्क्यावर एक जण दिवसभर उभा राहिला आणि गेला. चिखलीच्या बाजारात उतरलेल्यापुढे लोकांनी आधी नारळ फोडले, मग त्याला कापसाचा भाव विचारला, मग त्याला वळसा घालून पोती वाहू लागले. आमच्या घरी बाबांच्या चळवळीची पत्रकं पाठ्यपुस्तकांच्या आधी आली होती. त्यांत देवांविषयी स्पष्ट मत होतं. डोळ्यांसमोर येऊन उभ्या राहणाऱ्यांविषयी एक ओळ नव्हती.

सोनाळ्याकडच्या आमच्या वावरात तो उतरला ती पहिल्या वेचणीची सकाळ होती. कपाशी फुटून पांढरी झाली होती आणि आभाळ भरून येत होतं. भिजलेला कापूस पिवळा पडतो, त्याला कोणी विचारत नाही. आईला तो सगळा त्याच दिवशी घरात हवा होता. पण उतरलेला जिथं उभा असेल त्या वावरात हात चालवायचा नाही, असा नियम तोवर पडून गेला होता. कोणी घातला, ते विचारूनही सापडलं नाही.

वेचणाऱ्या बायकांची म्होरकी शेजारची खाला. ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावरच थांबली.

"काऊन थांबली वो?" आईनं विचारलं.

"थो पाय ना तिथं. त्याच्यासमोर वाकून कापूस वेचू?"

"तू तं नमाजी हायेस. तुले कायचं भेव?"

"फरिश्ता असला तं मले गुन्हा. तुमचा देव असला तं ह्या बाया मले बोलतीन. दोन्हीकडून मरन माहंच."

बायका हसल्या, पण एकीनंही पाय आत टाकला नाही.

तो उभा होता कडेच्या तासांत, कपाशीच्या शेवटच्या ओळींत. बीटीच्या पिशवीबरोबर साध्या सरकीचं एक छोटं पाकीट यायचं. ते कडेनं पेरायचं असे, म्हणजे अळीला राहायला जागा मिळते आणि ती बीटीला सरावत नाही. गाव ते पाकीट उकिरड्यावर फेकायचं. बाबा मात्र नियम म्हणून पेरायचे, त्यामुळे सगळ्या शिवारातल्या अळ्या आमच्याकडे.

"तुमच्या अळ्यायनंच बलावलं त्याले," एक बाई म्हणाली.

बाबांनी भाषण सुरू केलं, की श्रमाला कोणापुढेही थांबायचं कारण नाही. बायकांनी ते आदरानं ऐकलं, जागच्या न हलता. माझा संयम सुटला. मी त्याच्या पायाशी गेले आणि विचारलं, "गावात माणसं फवारणीचं औषध पिऊन गेली, तेव्हा कुठं होता तुम्ही?" तो वाकला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, जसं आपण खोप्याकडे पाहतो, आत काय हलतंय म्हणून. त्याला ऐकू आलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. माझा राग तिथंच अडकून पडला.

आईनं तोवर सीतादही मांडली होती. पहिल्या वेचणीआधी वावरात पूजा करतात, झाडांवर दहीभात शिंपतात, उरलेला हजर असेल त्याला देतात. आणि आमच्याकडे रीत अशी, की ज्यानं हा घास घेतला तो त्या दिवशी वेचणीला लागतो, मग जावई का असेना. आई पळसाच्या पानावर दहीभात घेऊन थेट त्याच्यापुढे गेली.

"घ्या," ती म्हणाली. मग, "घे."

त्यानं घेतला. खाल्लाही. आईनं त्याला खाली बसायची खूण केली, दोन जुन्या लुगड्यांना गाठ मारली आणि कापूस भरायची ओटी त्याच्या कमरेला बांधली.

तो वेचू लागला. पण फुटलेला कापूस सोडून हिरवी बोंडंच तोडायचा. बोंड उकलायचा, आतली अळी बोटावर घेऊन बघायचा आणि ती जपून ओटीत ठेवायचा. खालाला हे पाहवेना.

"अबे, हिरवं काऊन तोडून राह्यला? फुटलं थे घे ना!"

असं म्हणत ती तरातरा आत आली आणि मग एकदम थबकली, आपण कोणाला 'अबे' म्हणालो म्हणून. काहीच झालं नाही. तो तिच्या हातांकडे पाहत होता. तिनं त्याला एक बोंड वेचून दाखवलं, मग दुसरं. मग बाकीच्या बायकाही आत आल्या, आधी लांबच्या तासांना, दुपारनंतर त्याच्या शेजारीही. शेवटचं गाठोडं बैलबंडीत पडलं तेव्हा थेंब सुरू झाले. त्यानं ओटी सोडून आईच्या हातात दिली. आम्ही ताडपत्री ओढून मागं पाहिलं तर तिथं कोणी नव्हतं.

घरी ओटीवरून वाद झाला. एक बाई म्हणाली, देवापुढे ठेवा. खाला म्हणाली, वाहत्या पाण्यात सोडा. बाबा म्हणाले, तपासायला पाठवू.

"कापूस हाय," आई म्हणाली आणि निवडायला बसली. हिरवी टरफलं एकीकडे, अळ्या सुपात, जे थोडं पांढरं निघालं ते घरच्या ढिगावर.

"अन् अळ्यायचं काय करू?" मी विचारलं.

"फेक ना," ती म्हणाली. मग तिचा हात थांबला. "थांब. त्यानं तं जपून आनल्या होत्या."

मी सूप घेऊन दारात उभी राहिले. बाहेर पाऊस धरला होता आणि अळ्यांचं काय ते माझ्यावर सोडून आई पुन्हा निवडायला लागली होती.