विलासनं पाहायला सांगितलेली मालिका

विलासला मी खोटं सांगितलं होतं. त्यानं मला एक जपानी ॲनिमे मालिका पाहायला सांगितली होती, आणि काही आठवड्यांनी त्यानं विचारलं तेव्हा मी ‘पाहिली’ असं उत्तर दिलं. खरं तर पहिला भाग लावून, सुरुवातीची नावं संपायच्या आतच मी तो बंद केला होता. अशी खोटी उत्तरं आपण सगळेच देतो, आणि ती विसरूनही जातो. मीही विसरलो असतो... विलास असता तर.

तो गेल्याचं मला विचित्र रीतीनं कळलं. मंगळवार पेठेत त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. एका सकाळी कॉलेजला निघालो असताना तानाजीचा फोन आला. तानाजी म्हणजे दुकान उघडल्या दिवसापासून मशिनवर असलेला त्याचा कारागीर. “सर, मालकांचा एकट्याचा फोटू हाय का तुमच्याकडं? हितं सगळं ग्रुपमधलंच हायत.” कुठल्याशा मंडळानं सत्कार ठेवला असेल असं समजून मी म्हणालो, “संध्याकाळी शोधून पाठवतो.” मग तो म्हणाला, “संध्याकाळी न्हाय चालायचं सर. अकराला न्यायचं हाय...”

पहाटे झोपेतच हृदय बंद पडलं होतं. स्कूटर रस्त्याच्या कडेला लावून मी फोनमध्ये त्याचा फोटो शोधत राहिलो. दहाच्या सुमारास चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या अक्षरांखाली तो हसताना दिसला. ती अक्षरं कशी असावीत, हे वर्षानुवर्षं त्यानंच ठरवलेलं होतं.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. तो बोलू लागला की चौकातली माणसं वळून पाहत. मी बोलू लागलो की समोरचा ‘काय म्हणालात?’ असं विचारत पुढं झुकत असे. मी मराठीचा प्राध्यापक झालो, अधूनमधून या पुरवणीत चित्रपटांवर लिहू लागलो. त्याचा विलासला माझ्यापेक्षा अधिक अभिमान. गिऱ्हाइकाला फ्लेक्सचा नमुना दाखवता दाखवता तो माझा लेख दाखवी. “आमच्या सुधीरनं लिव्हलंय. वाच की, डोळं काय झिजत न्हाईत.”

संध्याकाळी आम्ही गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर भेटत असू. समोर म्हैस पिळून तिथल्या तिथं हातात येणारा फेसाळ दुधाचा ग्लास, आणि भोवती चार ओळखीची माणसं. विलास ॲनिमे बघतो, हे तिथं कळल्यापासून त्याची सुटका नव्हती. “काय विलासराव, कार्टून संपलं का न्हाय अजून? शाळंत नाव घालायचं का परत?” कुणीतरी विचारी. “घाल की. तू बी चल संगं, तुझी सातवी ऱ्हायलीय न्हवं?” तो ओठावरचा फेस पुसत म्हणे. मीही त्या हसण्यात सामील असे.

ती मालिका त्याला सानिकानं, त्याच्या मुलीनं, कळवली होती. सानिका पुण्यात नोकरी करते. कित्येक वर्षं ती घरी आली नव्हती. आईला फोन करी, वडिलांशी बोलत नसे. एका दिवाळीत तिनं विलासला मालिकेचं नाव पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘बघा. जमलं तर.’ त्या तीन शब्दांनी विलास हरखून गेला. दुपारी गिऱ्हाईक नसताना, डिझाइन करायच्या संगणकावर तो ती पाहू लागला. भाषा जपानी, खाली इंग्रजी ओळी, आणि याचं इंग्रजी बेताचं. प्रत्येक ओळीला चित्र थांबवायचं, अडलेला शब्द फोनवर शोधायचा, मग पुढं जायचं. अर्ध्या तासाचा एक भाग संपायला त्याला दोन-दोन दुपारी लागत. इंग्रजी सहज वाचणाऱ्या मला मात्र तो अर्धा तास जड झाला होता.

“सुधीर, तू एवढं बघ,” तो दर भेटीत म्हणे. “सगळं बघून व्हायच्या आधी मला काय बी इचारू नगंस. आधी बघ.” कधी नव्हे ती त्याच्या आवाजात विनवणी होती. ती मला ऐकू आली होती, हे मला इथं कबूल केलं पाहिजे. जपानी भुताखेतांच्या चित्रांत पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं काय पाहायचं, या तुच्छतेखाली मी ती दडपून टाकली.

मग एका संध्याकाळी त्यानं विचारलं, “बघितलीस?”

“पाहिली,” मी म्हणालो. “प्रभावी आहे. चित्रणही वेगळं आहे.”

“आनि पाचवा भाग?”

“तोही छान आहे.”

“छान?” एवढंच म्हणून त्यानं अर्धा ग्लास तसाच खाली ठेवला. “बरं हाय मग,” म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला. त्यानंतर त्यानं मालिकेचा विषय माझ्याजवळ काढला नाही. मला तर सुटल्यासारखंच वाटलं होतं.

त्याचं दहावं झाल्यावर मी ती मालिका पाहिली. तिच्या जपानी नावाचा अर्थ साधारण ‘न उचललेला फोन’ असा होतो. डोंगरातल्या एका गावात जुनं टेलिफोन एक्स्चेंज आहे. ते बंद पडलेलं. तरीही तिथं एक तरुण ऑपरेटर कामाला बसते, कारण त्या तारांवरून आता मृतांचे फोन येतात. जिवंतपणी ज्यांचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही, तीच माणसं फोन करतात. ऑपरेटरनं तो फोन त्यांच्या घरी जोडून द्यायचा. उचलायचा की नाही, हे घरच्यांनी ठरवायचं. उचलला नाही, तर त्या मृताच्या देहावर एक काळी साय धरू लागते, आणि हळूहळू ती त्या घराच्या भिंतींतून, भांड्यांतून, अखेर माणसांच्या तोंडातून दिसू लागते.

मालिका निर्दोष नाही. पहिले दोन भाग संथ आहेत. मधल्या काही भागांत पैसे संपल्यासारखी चित्रं अडखळतात, आणि शेवट मला अजून पुरता पटलेला नाही. रक्त आहे, देहाची विटंबना आहे. मुलांसोबत बसून पाहण्यासारखी ती मुळीच नाही. पहिल्या हंगामानंतर ती बंद पडली आणि जाणकारांच्या याद्यांतही तिचं नाव क्वचित दिसतं. पण पाचवा भाग... त्यात एक घर जेवायला बसलेलं आहे. आई, वडील, काका, आजोबा. फोन वाजू लागतो. मेलेल्या मुलीचा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिला काय सांगायचं आहे, तेही ठाऊक आहे. ज्याच्याविषयी सांगायचं आहे तो तिथंच बसून भात वाढून घेतो आहे. कुणी उठत नाही. पार्श्वसंगीत थांबतं. उरलेला सगळा भाग फोन वाजत राहतो, वाट्या एकमेकींना लागतात आणि वडील हळू आवाजात लोणचं मागतात. तो भाग पाहिलेला माणूस त्याला ‘छान’ म्हणूच शकत नाही. विलासनं त्या एका शब्दावरून माझं खोटं ओळखलं होतं.

मात्र तो भाग पाहताना मला घाम फुटला तो खोटं पकडलं गेल्यामुळं नव्हे. मी ते घर ओळखलं होतं.

पुढचं लिहिण्यापूर्वी मी सानिकाला विचारलं. ती म्हणाली, “लिहा. फक्त मला बिचारी करू नका.”

ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांच्या नात्यातला एक वडीलधारा गृहस्थ तिच्याशी अत्यंत वाईट वागला. तिनं ते घरी सांगितलं. विलास त्याला मारायलाच निघाला होता. शोभावहिनींनी, त्याच्या पत्नीनं, मला बोलावून घेतलं. पोलिसांत जायचं, असं तो ओरडत होता. मी त्याला शांत केलं. मुलीचं पुढं कसं व्हायचं, नात्यात फूट पडेल, चार माणसांत बसून मिटवू, असं मीच सुचवलं. आमच्याकडं प्रकरणं मिटवायची रीत आहे, आणि मृदू बोलणारा शिकलेला माणूस म्हणून अशा बैठकीला मला बोलावलं जात असे. त्याचा मला छुपा अभिमानही होता. बैठक विलासच्याच घरी, पुढच्या सोप्यात झाली. माझ्या सांगण्यावरून त्या गृहस्थानं खाली वाकून विलासचे पाय धरले आणि माफी मागितली. विलासची माफी! मग मी शेवटची अट घातली: हा विषय पुन्हा कुणी कधीच काढायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सानिका आत स्वयंपाकघरात होती. आम्हा सगळ्यांसाठी चहा करत होती.

चहा घेऊन मी घरी आलो आणि पत्नीला म्हणालो, “झालं एकदाचं नीट.” तो गृहस्थ आजही लग्नकार्यात पुढच्या रांगेत बसतो.

विलासच्या तेराव्यानंतर मी सानिकाला भेटायला त्याच्या घरी गेलो. शोभावहिनी आत पडून होत्या. मालिका पाहिल्याचं मी सांगितलं, आणि ती उशिरा पाहिल्याचंही. ती म्हणाली, “पाचवा भाग बघून बाबांनी मला फोन केला होता. नुसते रडत होते. शेवटी म्हणाले, ‘मी उचलला न्हाय गं पोरी...’ मी म्हटलं, या इकडं, समोरासमोर बोलू. तर म्हणाले, ‘सुधीरला बी दावलीय. त्यो बघतोय. त्यानं बघितली की दोघंबी येतो. आमी दोघांनी मिळून केलंय, दोघांनीच यायला पायजे.’”

“मग?” मी विचारलं.

“मग काय काका. मी वाट बघत होते.”

बैठकीतला शब्द विलासनं पाळला होता. विषय काढायचा नाही, ही माझी अट. म्हणून तो मला थेट काही सांगू शकत नव्हता. त्याच्यापाशी एकच वाट उरली होती. ती मालिका मी पाहावी, आणि माझ्याच तोंडून तो विषय निघावा. मी ‘छान’ म्हणालो. एकट्यानं पुण्याला जायचं धाडस त्याला झालं नाही, आणि त्याला जे मुलीसमोर बसून बोलायचं होतं ते राहूनच गेलं. आता ते कुठल्याही उपायानं भरून येणार नाही. रात्रंदिवस मी हाच विचार करतो आणि दरवेळी तिथंच येऊन थांबतो.

वाचकहो, मी या पुरवणीत अनेक चित्रपटांची शिफारस केली आहे; त्यातली एकही इतक्या कळवळून केलेली नव्हती. ही मालिका शोधा आणि पाहा. आणि तुमच्या घरातल्या कुणी ‘हे बघा, जमलं तर’ म्हणून काही पुढं केलं, तर ते कितीही परकं, पोरकट किंवा भीतीदायक वाटो, ते त्याच दिवशी पाहा. ‘पाहिलं’ असं खोटं सांगू नका. कदाचित त्या माणसाला दुसऱ्या कुठल्याच रीतीनं बोलता येत नसेल.

त्या भेटीत सानिका उठू लागली तेव्हा मी तिला थांबवलं. काय बोलायचं ते मी घरून ठरवून आलो होतो. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. ती उभी होती म्हणून मीही उभा राहिलो, आणि म्हणालो, “सानिका, त्या दिवशी त्यानं माफी तुझी मागायला हवी होती. तू आत आहेस, तुला सगळं ऐकू जातंय, हे मला माहीत होतं. तरी मी त्याला तुझ्या बाबांच्या पायांवर घातलं आणि तुझं तोंड बंद केलं. नंतर बाबांचंही केलं. ते तुझ्याकडं यायचे राहिले ते माझ्यामुळं. चूक माझी आहे. मी तुझी माफी मागतो.”